हवेत न आखलेली गच्ची

बायजाचा कागदावर विश्वास नव्हता. म्हणून दिवाकरने पाचूबंदरच्या वाळूवर चुन्याची फक्की टाकून खोली आखली. दहा फूट बाय दहा. बायजा त्या चौकोनात आडवी झाली, लेकीला शेजारी निजवले.

"मावतो," ती म्हणाली. "कूस मात्र दोघींनी संगट बदलायची."

जमलेल्या कोळणी हसल्या.

दिवाकर वसईतल्या बागायतदाराचा मुलगा, मुंबईत नकाशे काढायला शिकलेला. कोळ्यांच्या सोसायटीसाठी त्याने दोन मजल्यांत चोवीस खोल्या बसवल्या होत्या. चूलघर सामाईक, नळ सामाईक आणि वर सर्वांची सपाट गच्ची. इमारत उभी राहणार होती ती मात्र बायजाच्या वाळवणाच्या जागेवर. तिने अंगठा दिला तरच बाकीच्या देणार होत्या.

"बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या कुठं बांधू?" तिने विचारले.

"गच्चीवर, मावशी. वारा इथल्यापेक्षा जास्त लागेल."

"मंग ती पन आख."

"हवेत फक्की कशी टाकू?"

"तुजा शब्द, मंग." तिने अंगठा उमटवला. तिच्यामागे तेवीस जणींनी.

पाया भरून झाल्यावर सोसायटीचे चिटणीस नरहरी यांनी दिवाकरला बोलावले. सिमेंट मिळवून देणाऱ्या व्यापाऱ्याला वर तिसरा मजला हवा होता, मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांना भाड्याने द्यायला. त्यावर उतरते पत्रे.

"नाही म्हणालास तर पायाच राहील," नरहरी शांतपणे म्हणाले. "मग त्या बायांना तूच सांग."

दिवाकरने नव्या नकाशावर सही केली. बायजाला सांगायला तो दोनदा गेला. दोन्ही वेळा तिने निवडक सुक्या बोंबलांची पुडी त्याच्या हातात ठेवली, आणि तो ती घेऊन परतला.

दिवाळीनंतर खोल्यांचा ताबा मिळाला. तोवर इमारत परांच्या-तट्ट्यांनी झाकलेली होती; वरचे पत्रे पावसापुरते, असेच बायांना वाटत होते. बायजा खांद्यावर बांबू घेऊन जिना चढली. जिना एका बंद दारापाशी संपत होता. दार उघडणाऱ्या गृहस्थाने विचारले, "कोण पाहिजे?"

"गच्ची."

"वर पत्रे आहेत, बाई."

ती खाली आली तेव्हा दिवाकर तिच्या खोलीसमोर उभा होता.

"चिटनिसानं तुलाबी फसवला ना, बाला?"

हो म्हणणे सोपे होते.

"नाही, मावशी. सही माझी आहे. शिमग्याच्या आधीची."

बायजाने खांद्यावरचे बांबू भिंतीला टेकवले. "म्हंजे पुड्या नेल्यास तवा तुला ठावं होतं."

त्याने मान खाली घातली.

तिने बांबू खोलीत नेले. सरळ मावेनात, म्हणून तिरपे टाकले. आता तिथे निजायला जागा उरली नव्हती. ती उंबऱ्यावर येऊन बसली. जिन्याच्या पायऱ्यांवर तिच्यामागून अंगठा दिलेल्या बाकीच्या जणी आपापले बांबू घेऊन उभ्या होत्या. दिवाकरकडे कोणीच पाहत नव्हते. त्या सगळ्या बायजाकडे पाहत होत्या.