मी हिफोजु, फोनच्या टेबलाचा कोड

लोकर गुंडाळलेला फोनचा रिसीव्हर. निवृत्त मास्तरांचा गुडघा. दुरुस्तीला आलेली, एक चाक निखळलेली खुर्ची. "जेवलात का?" हा प्रश्न. एक हिरवं बटण, अगदी कोरं करकरीत.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे, आणि तो सांगायला आता माझ्याशिवाय कोणी रिकामं नाही. मी एक जुना कोड आहे. देणग्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी उघडते, तिच्या तळाशी मी पडून असतो. हिवाळा, फोन, जुने देणगीदार, या तिघांची पहिली अक्षरं जोडून माझं नाव झालं: हिफोजु.

मी ज्या संस्थेचा, ती आजारी माणसांना पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या बिनभाड्याने वापरायला देते. माणूस बरा होतो, किंवा जातो, आणि वस्तू परत येते. पुढे त्याच घरातून कधीतरी देणगी येते. ती कशामुळे आली, पत्रामुळे, ईमेलमुळे की फोनमुळे, हे कळावं म्हणून आम्हा कोडांचा जन्म.

मला बनवणारीला कचेरीत सगळे सूनबाई म्हणत, कारण समोरच्या टेबलावर तिची सासू बसायची. सासूबाईंचं काम जुन्या देणगीदारांना फोन करण्याचं. तासन्‌तास कानाला लावून रिसीव्हर टोचायचा, म्हणून त्यांनी त्याला लोकर गुंडाळली होती.

सूनबाईने एका दुपारी आम्हा चौघा भावंडांना यादीत बसवलं. धाकटा वेब, त्याला तिने 'आपोआप' केलं. म्हणजे संकेतस्थळावर कोणी देणगी दिली आणि सोबत दुसरा कोड नसला, की शिक्का वेबचा. माझ्या नशिबी असं आयतं काही नव्हतं. फोन संपला की सासूबाईंनी हिरवं बटण दाबायचं. मग समोरच्याच्या मोबाइलवर एक निरोप जाणार, निरोपात देणगीची लिंक, आणि लिंकच्या शेपटीला मी लटकलेला.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. "हिफोजु? शेजारच्यांच्या कुत्र्याला हाक मारल्यासारखं वाटतंय गं."

"हाक नाही मारायची, आई. नुसतं बटण दाबायचं."

त्यांनी मान डोलावली. मी शेपटीला लटकायची तयारी करून बसलो.

फोन सुरू झाले. मास्तरांना गुडघ्याचं विचारून झालं. ज्या बाईंच्या यजमानांनी शेवटचे महिने संस्थेच्या पलंगावर काढले, त्यांना "जेवलात का?" विचारून झालं. एकटं माणूस स्वयंपाकाचा कंटाळा करतं, असं सासूबाई म्हणायच्या. कुणी हसायचं, कुणी रडायचं. मग रिसीव्हर खाली, हात बटणापर्यंत, तिथे जरासा थांबा, आणि हात पाण्याच्या भांड्याकडे. रोज. मी वाट पाहून पाहून शिणलो. वाट पाहणं हेही कामच असतं, मित्रांनो, फक्त त्याचा शिक्का कुठे उमटत नाही.

गंमत अशी, की फोन ठेवल्यावर ती माणसं आपापली संकेतस्थळावर जायची, आणि मनापासून देणगी द्यायची. शिक्का पडायचा वेबचा. वेबचं कौतुक सुरू झालं. कार्यवाह, म्हणजे संस्थेचा रोजचा कारभार पाहणारे गृहस्थ, येता-जाता म्हणायचे, संकेतस्थळाने काय कमाल केली बघा.

हिवाळा सरला आणि अहवाल काढायचा झाला. माझ्या नावापुढे एक देणगी.

"एकच?" कार्यवाह हसले. "कोण हा भला माणूस?"

सूनबाई पडद्याकडे बघत राहिली. फोनचं टेबल बंद करायचं ठरलं, आणि ते सांगायचं काम आलं तिच्याच गळ्यात. घरी सांगितलं तर घास उतरणार नाही म्हणून तिने कचेरीतच सांगितलं, दाराशी, कुबड्यांचा गठ्ठा आणि ती चाक निखळलेली खुर्ची यांच्याजवळ.

"बटण का नाही दाबलंत, आई? एवढंच तर मागितलं होतं मी."

सासूबाई रिसीव्हरची लोकर सोडवत होत्या. "नवरा गेलेल्या बाईला जेवलीस का म्हणून विचारायचं, आणि तिने डोळे पुसायच्या आत तिच्यापुढे हात पसरायचा? मला नाही जमत गं ते."

"मग मी त्यांना काय दाखवू?"

"आहे ते दाखव. तुझ्या कोडाचा काय दोष."

माझ्यावर दया दाखवणारं ते एकच वाक्य. त्याच संध्याकाळी सूनबाई यादी उघडून बसली. वेबचा शिक्का पुसून तिथे मला लावणं तिच्या हातात होतं. टेबल वाचलं असतं. माउसचा बाण तिने माझ्यावर आणलाही. पण कोण फोनमुळे आलं आणि कोण नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिने यादी मिटली.

टेबलावर छपाईयंत्र आलं. पुढच्या हिवाळ्यात वेब नुसता बसून राहिला. त्याचं 'आपोआप' तसंच चालू होतं, माणसं मात्र येत नव्हती. कार्यवाहांनी आधी इंटरनेटवाल्याला बोलावलं, मग रंग बदलून पाहिले. शेवटी सूनबाईने त्यांना सांगितलं, की फोन पुन्हा सुरू करू, पण बटण आणि लिंक विसरा. फोन कधी झाला, एवढीच तारीख माणसाच्या नावापुढे लिहू. देणगी येईल तेव्हा येईल, आपण मागाहून ताडून पाहू.

पुन्हा फोनवर बसाल का, असं तिने घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मधे सबंध वर्ष का नाही विचारलंत, असं कुणी म्हटलं तर?" आणि मग, "गुडघेवाले मास्तर आहेत ना गं अजून?"

सूनबाईला माहीत नव्हतं. कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. ते कळावं म्हणून सासूबाई सकाळी आल्या, छपाईयंत्र बाजूला सरकवलं, आणि रिसीव्हरला पुन्हा लोकर गुंडाळून नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून कुणीतरी काठी टेकत येत असल्याचा आवाज आला, आणि सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

नव्या पद्धतीत माझी गरज उरली नाही. माझ्यापुढे आता 'बंद' लिहिलंय. तक्रार नाही, दमलो होतो. फक्त एक विनंती, मित्रांनो. तुम्ही मोठे होऊन कुणासाठी बटण बनवाल आणि ते माणूस दाबणार नाही, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा, आणि हात कुठे थांबतो ते पाहा.

मला बनवलं त्या दुपारी, लिंक उघडते का हे बघायला सूनबाईने ती पहिल्यांदा सासूबाईंच्याच मोबाइलवर पाठवली होती, आणि त्यांनी ती उघडून माझ्या नावापुढची ती एकुलती देणगी दिली होती.