बुजवलेला टवका

गिटारच्या तारा अडकवायच्या पट्टीवरचा तो बारका स्क्रू – त्याच्या खाचेत हिरवट काहीतरी साचलं होतं, वाळलेल्या शेंबडासारखं, आणि किशोरीने आगपेटीच्या काडीने ते उकरलं तेव्हा ते सुटलं आणि तिच्याच नखाला चिकटलं. घाम. देवेशच्या तळहाताचा घाम आणि मिठबावची खारी हवा, दोन्ही मिळून धातूला आलेली ही बुरशी... तिने नख फडक्याला पुसलं. फडकंही त्याच्याच जुन्या बनियनचं.

चारला गाडी येणार होती. देवेश ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, तारकर्लीच्या रिसॉर्टांत, महिन्यातून दोनदा गोव्यात. आणि प्रोग्रामच्या दिवशी सकाळी ही लाल गिटार पुसून ठेवायची ती किशोरीने. चौदा वर्षं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने मागे बसून, तिचा हात धरून शिकवलं होतं – आधी ओलसर फडकं, मग कोरडं, मग पॉलिशचा थेंब, गोल गोल, दाबायचं नाही. तेव्हा त्याच्या काखेचा वास आला होता आणि तिला वाटलं होतं, हाच तो संसार. आता तोच वास गिटारच्या वरच्या कडेला बसलेला असायचा, त्याचा हात टेकतो तिथे. चकाकीवर दुधट, चिकट साय धरलेली असायची आणि ती जावी म्हणून तोंड जवळ नेऊन वाफ सोडावी लागायची. माझा श्वास त्याच्या घामावर. मग दांड्यावरच्या पट्ट्यांच्या मधला मळ, बोटांची मेलेली कातडी, काडीवर वळी होऊन येणारी, काळी... मी का करते हे? कुणी जबरदस्ती केलेली नाही. पुसून झाल्यावर ती तीनदा साबण लावायची, ते सासूने, नर्मदाबाईंनी, एकदा पाहिलं होतं.

"मासळी कापताना तुका शिसारी येणा नाय, आनी घोवाच्या घामाची येता?" त्या म्हणाल्या होत्या. हसून नव्हे.

तेव्हापासून ही आपलीच खोड आहे असं तिने धरून ठेवलं होतं. वालावलला माहेरी पाण्याच्या काठावर वाढलेली आपण, शेवाळ, चिखल, माशांची आतडी, कशाकशाची कधी घाण वाटली नाही. मग हीच का?

फडकं खालच्या कडेवरून फिरलं आणि पुढे गेलं. तिचा हात थांबला. काहीतरी चुकलं होतं... अडकलं नव्हतं. तिथे टवका होता. गेल्या गणपतीत माइकचा स्टँड पडून उडालेला, नखाएवढा, आतलं पांढरं लाकूड दिसायचं आणि दर वेळी फडक्याचा धागा त्यात अडकायचा. मी भरू का, असं तिने तेव्हा विचारलं होतं. तू हात लावू नको, बिघडेल, असं तो म्हणाला होता.

तिने गिटार दाराच्या उजेडात तिरकी धरली. टवका बुजला होता. लाल, किंचित गडद, आणि त्या लालात बारीक चमचम. नेलपॉलिशची. अशी चमचम कुठल्या दुकानातला माणूस गिटारवर लावणार नाही. किशोरीच्या घरात नेलपॉलिश नव्हतं. मासे कापणाऱ्या हाताला ते काय करायचंय.

देवेश आरशासमोर दाढी करत होता. तिने गिटार तशीच उचलून नेली.

"ह्या कोणी लावल्यान?"

त्याने आरशातूनच पाहिलं. वस्तरा गालावर थांबला, मग खाली आला. "कुडाळात. दुकानात लावून घेतलंय," तो म्हणाला आणि साबणाचा फेस बोटाने झटकला. फेसात केस होते. एक थेंब तिच्या पायावर पडला. तिने पाय मागे घेतला नाही, पण तो थेंब दुसऱ्या पायाच्या टाचेने घासून काढला.

ती परत दाराच्या पायरीवर येऊन बसली. आता ते नेलपॉलिश लावणाऱ्या बाईची किळस येईल म्हणून ती वाट बघत राहिली. अंगठा त्या जागेवरून फिरवला – कड लागत नव्हती. म्हणजे एका थरात झालेलं नव्हे. थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, मग बारीक कागदाने घासून सपाट करायचं... दोन दिवस तरी. कुणीतरी दोन दिवस ही गिटार मांडीवर घेऊन बसलं होतं. इतकं नीट मी केलं नसतं, हे तिला कबूल करावं लागलं, आणि ते कबूल करताना वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. त्या बाईनेही तोंड जवळ नेलं असेल. ओलं असताना फुंकर घातली असेल. तेव्हा हाच वास...

आतून देवेशने हाक मारून विचारलं, झालं का. त्याला विचारायचं असं तिच्यापाशी आता काहीच उरलं नव्हतं. त्या बाईला मात्र, ती कोण असेल तिला, एकच विचारायचं होतं, अगदी साधेपणाने, शेजारी बसून – तुलाही येते का गं शिसारी?