वरची बस, खालची बस

कुणावर उगाच संशय घेणाऱ्यातला मी नाही. पण डोळे उघडे ठेवले की दिसतंच, त्याला मी काय करू?

पक्ष फुटला त्याला तीन वर्षं झाली. मुंबईत त्या दोन तुकड्यांना काय म्हणतात ते टीव्हीवाले रोज सांगतात. आमच्या गावात जुनी शाखा वरच्या वाडीत, ती आमच्याकडे राहिली. फुटून गेलेल्यांनी खाली, जयगडच्या रस्त्यावर, एसटी स्टॉपला लागून नवी शाखा टाकली. म्हणून आम्ही वरचा गट आणि ते खालचा गट. मी, काशीराम पाष्टे, वरच्या शाखेचा शाखाप्रमुख. चाळीस वर्षांपूर्वी मी आणि शेजारच्या धाकूने ही शाखा उभी केली. फळा त्याने सुताराकडून करून आणला, अक्षरं मी काढली. पोलिसांच्या काठ्या दोघांनी मिळून खाल्ल्या, त्याच्या वाट्याला दोन जास्त आल्या असं तो म्हणतो.

फुटीनंतर सगळं बिघडलं. आता कुणाला चहा पाजतानासुद्धा वाटतं, हा इथे पिणार आणि खाली जाऊन साखर किती होती ते सांगणार.

मे महिन्यात आमचा तालुकाप्रमुख विनीत शाखेत आला. पोरगा पस्तिशीचा, पण बोलणं साठीचं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आहे, गावातले आणि मुंबईतले कोण डळमळीत आहेत त्यांची नावं लिहून द्या, म्हणाला. मी सहा नावं लिहिली. पहिलंच नाव अनिलचं, माझ्या मुलाचं. तो मुंबईत नोकरीला असतो. खालच्या गटाच्या पुढाऱ्याच्या फोटोला त्याने मोबाइलवर अंगठा दिला होता, तो मी या डोळ्यांनी पाहिला होता. विनीत म्हणाला, काका, स्वतःचा मुलगा? मी म्हटलं, झाडायचं तर आपल्या दारापासून. त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि माझी पाठ थोपटली. पुढे चार दिवस मी छाती काढून चालत होतो. घरी मात्र काही बोललो नाही. आमच्या यमुनाबाईला राजकारणातलं कळत नाही.

मग धाकूचं सुरू झालं.

आधी त्याच्या दारापर्यंत नवी पाखाडी झाली. चांगली सिमेंटची, पायऱ्या-पायऱ्यांची वाट. सत्ता खालच्या गटाची, निधी त्यांचा, आणि पाखाडी नेमकी धाकूच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन थांबते. मी विचारलं तेव्हा म्हणाला, झाली ती बरी झाली, पावसात पाय घसरत होता. एवढंच. मग तो संध्याकाळचा शाखेत येईनासा झाला. एकदा मी त्याच्या खळ्यात शिरलो तर तो फोनवर बोलत होता, मला बघून त्याने फोन बंद केला. जुलैत एक दिवस सकाळच्या एसटीने रत्नागिरीला गेला. मी विचारलं, कशाला? म्हणाला, दात काढायला. त्याच दिवशी आमच्या बाबल्या रिक्षावाल्याने त्याला विनीतच्या ऑफिसातून बाहेर पडताना पाहिलं. दात तोंडात जागच्या जागी होता, मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम हसवून बघितलं.

विनीत आमचाच माणूस, मग माझ्यापासून लपवून त्याच्याकडे कशाला? एक तर धाकूला माझी जागा हवी होती, नाही तर खाली जायच्या आधी भाव ठरवत होता. दोन रात्री मला झोप लागली नाही. राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

गणपतीला मुंबईकरांना गावी आणायला पक्ष दर वर्षी फुकट बस सोडतो. रेल्वेची तिकिटं दोन महिने आधी मिनिटभरात संपतात, खासगी गाडीवाले कातडी सोलतात, त्यामुळे या बसवर सगळ्यांचा डोळा. मतदान कार्ड दाखवायचं, नाव लिहायचं, बसायचं. या वर्षी बस दोन आल्या, एक वरच्या गटाची, एक खालच्या. विनीतचा फोन आला. काका, वही घेऊन स्टॉपवर उभे राहा. आपल्या बसमधून जो उतरेल त्याच्यापुढे बरोबरची खूण, त्यांच्या बसमधून उतरेल त्याच्यापुढे फुली. निवडणुकीला हीच यादी धरायची.

त्यात आठ दिवस आधी अनिलने फोन करून सांगितलं होतं, बाबा, गाडीत जागा मिळत नाही, या वर्षी येणं कठीण आहे. जागा मिळत नाही म्हणे. मी मनात म्हटलं, खालच्या बसने येणार आणि तोंड दाखवायला लाज वाटते, दुसरं काय. यमुनाबाईने मात्र त्या दिवसापासून मोदकांच्या नारळांना हात लावला नव्हता.

गणपतीच्या आदल्या सकाळी मी सहाला स्टॉपवर. धाकूही आला होता, पिशवी काखेत धरून लांब उभा. माझ्या हातातली वही त्याने पाहिली आणि रस्त्याकडे तोंड केलं. जयगडचे दोन ट्रेलर गेले, मग खालची बस आली. चिमाचा मुलगा उतरला, फुली. शिवाचे दोघे भाऊ उतरले, फुल्या. आणि मग धाकूचा मुलगा दर्शन उतरला, मागून त्याची बायको समीक्षा. समीक्षाचे पाय सुजले होते. बस जास्त भरल्यामुळे पनवेलपासून बोनेटवर बसून आली, असं ती सासऱ्याला सांगत होती. धाकूला जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली आणि पाखाडीकडे निघाला. मी फुली मारली, इतकी जोरात की कागद फाटला.

अर्ध्या तासाने आमची बस आली. तिच्यातून अनिल उतरला, आणि सूनबाई शमिका. मला पोरगं एकदम लहानपणासारखं दिसलं. माझा मुलगा वरच्या बसमधून! मी बरोबरची खूण केली, ती पानभर.

दुपारपर्यंत विनीतला यादी कळवली. त्याने सांगितलं, धाकूचं नाव फळ्यावरून काढा. फळ्यावर माझ्या नावाखाली धाकूचं नाव होतं, उपशाखाप्रमुख म्हणून. मी पांढरा रंग घेऊन ते पुसलं. एक हात दिला तरी अक्षरं खालून दिसत होती, म्हणून दुसरा दिला.

आमच्या वाडीत गणपतीची पहिली आरती धाकूच्या घरी होते आणि मृदंग मी वाजवतो. चाळीस वर्षांत त्यात खंड नाही. चतुर्थीच्या संध्याकाळी मी गेलो नाही. यमुनाबाई, अनिल, शमिका गेली. मी पडवीत बसलो होतो. बराच वेळ पलीकडून काही ऐकू येईना, मग नुसत्या झांजा वाजल्या. मृदंगाशिवायची आरती काय असते ते मला ठाऊक नव्हतं. पोरं टाळ्या पिटत होती आणि ताल सारखा पुढे पळत होता. ही परत आली आणि प्रसादाची वाटी माझ्यापुढे आपटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, अनिल माझ्याजवळ येऊन बसला.

"बाबा, तुम्ही धाकूकाकांकडे का नाय गेलात? त्यांच्यामुळे आम्ही आलो."

मी म्हटलं, कसं काय? तेव्हा त्याने सांगितलं. वरच्या बसच्या यादीतून त्याचं नाव जुलैतच कापलं होतं. डळमळीत आहे म्हणून गावातूनच कुणी तरी चुगली केली होती. दर्शनच्या दोन जागा मात्र झाल्या होत्या. धाकूने दर्शनला सांगून त्या अनिल-शमिकाला द्यायला लावल्या, आणि दर्शन-समीक्षाला खालच्या बसमध्ये नाव घालायला लावलं. यादीत नाव दर्शनचं, बसला अनिल.

"चुगली कुणी केली ता कळला पायजे एकदा," अनिल म्हणाला. "त्याच्या दारात उभा नाय राहणार मी जन्मात."

मी उठलो. कुठे जातोय ते मला कळत नव्हतं. आंब्याखाली जाऊन विनीतला फोन लावला. म्हटलं, धाकूच्या दर्शनपुढची फुली चुकीची आहे, ती काढा. तो हसला. म्हणाला, काका, तुम्हाला अजून कळलं नाही होय? मी आज सकाळीच खालच्या गटात प्रवेश केला.

"वही फाडू नका," तो म्हणाला. "फक्त खुणा उलट्या करा. फुल्या त्या आता आपल्या. तुम्ही आमच्याबरोबरच ना?"

मी फोन बंद केला. माझ्या वहीत आता धाकू निष्ठावंत आणि मी गद्दार.

पाखाडी चढून धाकूच्या खळ्यात गेलो. तो सुपारी कातरत बसला होता. मी सरळ विचारलं, रत्नागिरीला कशाला गेला होतास? त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"दर्शन फोनवर बोलला, अनिलचा नाव कापलान. म्हणून विनीतला इचारायला गेलो. त्यान कागद दाखवलान. तुज्या हाताचा." धाकू माझ्याकडे बघत नव्हता. "चाळीस वर्सां तुजा अक्षर बगतोय मी."

"आणि तरी तू..."

"पोराला कळला आसता तर तो परत तुज्या दारात येता नसता."

मी त्याच्यासमोर खाली बसलो. तो पुढे म्हणाला, "तू स्टापावर वही घेऊन हुबा रवशील, ह्या पन मला म्हाईत होता."

मग पाखाडीकडे बोट दाखवून म्हणाला, तिच्या अर्जावर सही तुझीच आहे, फुटीच्या आधीची, आठवत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन बघ. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, अनिलला मी आजच सांगतो. धाकू म्हणाला, सांगू नको. समीक्षा सुजलेल्या पायांनी आली ती काय तू सांगून टाकावंस म्हणून? मी पण सांगणार नाही. संपलं.

त्या संध्याकाळी मी मृदंग वाजवला. धाकू झांज घेऊन शेजारी बसला. कुणी काही विचारलं नाही. फळ्यावरचा पांढरा रंग मी रॉकेलच्या बोळ्याने घासून काढला, धाकूचं नाव निम्मं वर आलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माझा स्वभाव.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला सगळी वाडी ओढ्यावर, आमच्या पऱ्यावर गेली. मूर्ती पाण्यात उतरवून परत येताना मी पुढे होतो. मागे वळून पाहिलं तर धाकू आणि अनिल सगळ्यांच्या मागे राहिलेले, डोकी जवळ आणून काही बोलत होते. अनिलने मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. धाकूने शब्द दिला होता, पण शब्द तर विनीतनेही कितीदा दिले होते. दात काढायला जातो म्हणून धाकू एकदा खोटं बोललाच होता की नाही? माझ्यासाठीच बोलला होता, ते मला कळत होतं. तरी रात्रभर मी कूस बदलत राहिलो. एकदा यमुनाबाईने विचारलं, पोटात दुखतंय का? मी हो म्हटलं.

सकाळी अनिल निघायच्या तयारीत होता. शमिका आत सासूच्या पाया पडत होती. तो पडवीत बॅगेची चेन लावत होता. चेहरा नेहमीसारखा होता, आणि तेच मला खरं वाटेना.

"धाकू काल काय सांगत होता?" मी विचारलं.

"काय नाय असाच."

"असाच म्हंजे काय?" मला राहवलं नाही. "तुजा नाव मी कापायला दिला, आसा सांगितलान काय त्यान?"

अनिलचा हात चेनवर थांबला.

"नाय बाबा," तो हळूच म्हणाला. "मृदंगाची वादी ढिली झाली हाय, पुढच्या खेपेला मुंबईवरनं नवी घेऊन ये, म्हणत होते."

आणि बॅग तशीच अर्धी उघडी ठेवून तो माझ्याकडे बघत उभा राहिला.