जाळ्यातला पूर्वाचा मासा

पूर्वा आपटे रविवारी चर्चला येते म्हणाली आणि शर्मिलाला घोरच लागला. खरं तर आनंद व्हायला हवा होता. खडकीच्या त्या जुन्या दगडी चर्चमध्ये सदाशिव पेठेतलं कुणी आपणहून येणं हे काही खायचं काम नव्हे. पण शर्मिलाला आठवलं ते व्यासपीठाशेजारचं जाळं.

ते जाळं नव्या पाळकसाहेबांच्या डोक्यातून निघालेलं. सलिल उजगरे त्यांचं नाव, वय कोवळं, उत्साह उतू जाणारा. प्रभूनं कोळ्यांना हाक मारली, त्यांना माणसं धरायच्या कामाला लावलं, मग आपण काय नुसती बाकं उबवायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भिंतीवर खरंखुरं जाळं ताणलं, खाली पुठ्ठ्याची होडी ठेवली. प्रत्येकानं कागदी माशावर एका ओळखीच्याचं नाव लिहून तो जाळ्यात अडकवायचा, त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि तो माणूस उपासनेला आला की त्याचा मासा जाळ्यातून काढून होडीत टाकायचा. हिंजवडीच्या कंपन्यांत टार्गेट असतं, ते आता देवाच्या घरातही आलं म्हणायचं. दिवसच तसे होते. जो उठेल तो कॉम्प्युटर शिकत होता नि जो तो काही ना काही मोजत होता.

शर्मिलाच्या हातात मासा आला तेव्हा शेजारी तिचे वडील बसले होते. शरच्चंद्र साळवे, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, चर्चच्या मंडळीचे पंच. पंचाच्या मुलीचा मासा कोरा राहून कसं चालेल? तिनं लिहून टाकलं, पूर्वा आपटे. कंपनीत शेजारच्या खुर्चीवर बसणारी, एकाच डब्यात जेवणारी मैत्रीण. कागदावर लिहायला काय जातंय, असं तिला वाटलं. ही जूनमधली गोष्ट, आणि तिथंच चुकलं.

गणपतीनंतर पूर्वाच्या आईचं, आनंदीबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन निघालं. पूर्वा कंपनीच्या जिन्यात बसून रडली. शर्मिलानं तिचा हात धरला, म्हणाली, मी प्रार्थना करेन. आणि केली हो, अगदी मनापासून केली. बसमध्ये केली, पोळ्या लाटताना केली. तेव्हा तिच्या डोक्यात ना मासा होता ना होडी. आनंदीबाई सुखरूप घरी आल्या आणि पूर्वानं ठरवलं की पेढे घेऊन आपण स्वतः चर्चला जायचं.

नको कोणत्या तोंडानं म्हणणार? शनिवारी संध्याकाळी शर्मिला तो मासा काढून टाकायला धावत चर्चला गेली. दाराला कुलूप. किल्ली झाडलोट करणाऱ्या गोदाबाईंकडे, आणि गोदाबाई धायरीला लेकीकडे. घरी येऊन तिनं वडिलांना चाचरत विचारलं, पूर्वाचा मासा काढला तर चालेल का. ते तर हरखूनच गेले. काढायचा कशाला, म्हणाले, उद्या होडीतच जाईल की. त्यांचा चेहरा बघून पोरगी बरं म्हणाली नि स्वयंपाकघरात गेली.

रविवारी तिनं पूर्वाला मुद्दाम खांबामागच्या बाकावर बसवलं. गाणी छान आहेत म्हणाली पूर्वा, पंखे मात्र इंग्रजांनी जाताना बंद केले ते तसेच आहेत वाटतं. शर्मिलाला हसूही फुटेना. उपासना संपली रे संपली की हिला बाजूच्या दारानं बाहेर काढायचं, एवढंच ती घोकत होती. प्रवचनातला एक शब्द कानात शिरला असेल तर शपथ.

पण उपासना संपताच पूर्वा उठली आणि पेढे घेऊन थेट पुढं गेली. ज्यांनी आईसाठी प्रार्थना केली त्यांना पहिला पेढा, असं तिचं सरळ गणित. पाळकसाहेबांना तिचं नाव कळलं मात्र, त्यांनी जाळ्यातून मासा सोडवून उंच धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शरच्चंद्रांचे डोळे भरून आले.

"पूर्वाताई, शर्मिलाताईंनी तुमचं नाव जूनमध्येच जाळ्यात घातलं होतं," पाळकसाहेब म्हणाले. "तेव्हापासून आम्ही सगळे तुमची वाट बघतोय."

बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पण भोळ्या माणसानं केलेला घात निस्तरणं जास्त कठीण. पूर्वानं मासा हातात घेतला आणि अक्षर ओळखलं. पेढ्यांचा पुडा शरच्चंद्रांच्या हातात देऊन तिनं सगळ्यांना वाटायला सांगितलं, मासा पर्समध्ये टाकला आणि बाहेर पडली. शर्मिलानं तिला फाटकापाशी गाठलं.

"जूनमध्ये आई ठणठणीत होती," पूर्वा म्हणाली. "म्हणजे गळ तू आधीच टाकला होतास. आईचं दुखणं आमिषाला उपयोगी पडलं."

"नाव मी बाबांच्या भीतीनं लिहिलं. तुला विचारायला हवं होतं, चुकलं माझं. पण आईंसाठी जे केलं त्यात गळ नव्हता गं."

"ते मी कशावरून ओळखायचं?"

पूर्वा रिक्षात बसली नि गेली. घरी शरच्चंद्र विचारायला लागले, मासा होडीत का नाही टाकला. माझी मैत्रीण गेली, बाबा, एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

सोमवारी पूर्वा सकाळभर कामापुरतंच बोलली, तेही स्क्रीनकडं बघत. जेवायच्या सुट्टीत शर्मिला जागेवरून हललीच नाही. कुणाबरोबर जेवायचं, हाच प्रश्न होता. तेवढ्यात पूर्वानं टेबलावर डबा आणून ठेवला.

"आईनं दिलाय, दोघींचा," ती म्हणाली. "मी तो मासा केरात टाकत होते. तिनं हातातून काढून घेतला. म्हणाली, कुणी आपल्या लेकीचं नाव घेऊन देवापुढं बसलं, तो कागद केरात टाकायचा नसतो. देव्हाऱ्यात ठेवलाय, अन्नपूर्णेशेजारी."

शर्मिलाला हसावं की रडावं कळेना. बाबांना हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हा नवाच घोर लागला. पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती, आणि ती विचारल्यावाचून घास उतरला नसता.

"आणि तू?"

"मी म्हणजे आई नव्हे," पूर्वा म्हणाली. "जेव आधी."

तिनं डब्याचं झाकण काढलं, नेहमीसारखा डबा दोघींच्या मध्ये ठेवला, आणि आपली खुर्ची मात्र जरा लांबच ओढली.