प्रयोजन स्पष्ट नाही

“खून पुसलीत तुमी,” दामाजी म्हणाले.

शुभदा नेन्यांचा माउसवरचा हात थांबला. ग्रंथालयातल्या एकतीस वर्षांत त्यांच्यावर बरेच आरोप झाले होते. पुस्तक वेळेवर दिलं नाही, झेरॉक्स काढू दिली नाही, डोक्यावरचा पंखा बंद केला. खुनाचा आरोप पहिलाच.

“खूण, मॅडम, खूण,” दामाजींच्या खुर्चीमागे उभी असलेली दक्षता हसू दाबत म्हणाली. “आजोबांना ण नाही बोलता येत.”

“येतो. बोलत नाय,” दामाजी म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

पडद्यावर एका मासेमारीच्या जाळ्याचं चित्र होतं. तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळती होत गेलेली डोल, तिचा प्रत्येक दोर रेखीव. खाली छापलं होतं, ‘आकृती १. चित्र: संशोधक.’ प्रबंध मराठी विभागाचा, एकोणीसशे शहाऐंशी सालचा, डॉ. सौमित्र दातारांचा. विषय, ठाणे खाडीतली मासेमारीची साधनं आणि त्यांची नावं. गेल्याच महिन्यात शुभदाबाईंनी तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवला होता.

त्यांचं कामच ते. नियतकालिकांची कपाटं आणि पाण्याचा कूलर यांच्यामध्ये त्यांचं टेबल होतं, आणि त्यावर ‘स्वामित्वहक्क व संशोधन प्रकाशन’ अशी पाटी. संशोधकांनी लिहिलेलं जगासमोर कसं ठेवायचं, कोणाच्या परवानगीने ठेवायचं, कोणतं चित्र कोणाचं, हे त्या बघत. ग्रंथालयातले सहकारी त्यांना मागे ‘परवानगीबाई’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दर जूनमध्ये नव्या संशोधकांचा वर्ग घेताना त्या सांगत, “तुमच्या वहीत दुसऱ्याचं चित्र चिकटवलं, तर खाली त्याचं नाव लिहायचं. एवढाच कायदा आहे. बाकीचं सगळं या एका ओळीचं स्पष्टीकरण.” मुलांना वाटायचं, बाई सोपं करून सांगताहेत. बाईंना खरंच तेवढंच वाटत असे.

“तुला कुठे सापडलं हे?” त्यांनी दक्षताला विचारलं.

“कॉलेजचा प्रोजेक्ट होता. कोळीवाड्यावर काही मिळतंय का बघत होते, तर हा मिळाला. रविवारी जेवताना आजोबांना मोबाइलवर दाखवला. ताट सरकवलं त्यांनी. म्हणे, ही माझी जाळी. मी बोलले, अहो, हे डॉक्टरांनी काढलंय, खाली लिहिलंय तसं. तर दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत.”

“लिवलेलं मना काय सांगतंस,” दामाजी म्हणाले. मग शुभदाबाईंकडे वळले. “हे बघ बाय. पावसाचं चार महिनं होरी काठावर वढलेली. काम नाय. तवा साहेब यायचा. बोलला, दामाजी, डोल कशी, पाग कसा, कागदावर दाखव. मी दाखवलं. सुताराच्या पेन्सिलीनं. एक नाय, बावीस. परतेकावर माजी खून घातलेली.”

“कसली खूण, बाबा?”

टेबलाच्या काचेवर त्यांनी बोटाने रेघा ओढल्या. “अशी, नि अशी. मदी ठिपका. आमच्या घरची. आमच्या जाल्याच्या बोयावर कोरलेली आसते. खाडीत शंभर बोये तरंगतात, लाकडाचे, समदे सारके. कोनचा कोनाचा, खुनेवरनं कलतं. खून नसली का,” त्यांनी हात हवेत उडवला, “जो उचलंल त्याचा.”

शुभदाबाईंची नजर डाव्या हाताच्या ट्रेवर गेली. तिथे एक पत्र टाइप होऊन सहीसाठी पडलं होतं. पुण्याचा एक प्रकाशक या बावीस चित्रांचं मोठं पुस्तक काढणार होता. प्रबंधातली चित्रं डॉ. दातारांनी स्वतः काढलेली आहेत, असा दाखला त्याला ग्रंथालयाकडून शुक्रवारपर्यंत हवा होता. एकदा सही झाली, की जाळी कायमची दातारसरांची.

“बाबा, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या.”

“चालीस वर्सं दिली,” दामाजी काठी टेकत उठले. “शुक्रवार काय.”

*

ते गेल्यावर शुभदाबाई तळघरातल्या भांडारात उतरल्या. काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा मूळ प्रबंध त्यांनी काढला, झरोक्याखाली नेला. बाहेर खोपटच्या डेपोतून एसटी निघण्याचा आवाज येत होता.

आकृती एक. उजव्या खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, दोन तिरक्या रेघा आणि मध्ये ठिपका. आकृती दोन. तीच जागा, त्याच रेघा. बाविसाव्या आकृतीपर्यंत त्यांनी एकेक पान उलटलं, आणि मग त्यांना मार्च महिना आठवला.

स्कॅनिंगवरच्या हितेशने तेव्हा दारातूनच विचारलं होतं, “मॅडम, दातारसरांच्या चित्रांवर सगळीकडे एक डाग येतोय. सेम टू सेम. काढू?”

त्यांनी फायलीतून डोकं वर केलं नव्हतं. “काढ. स्वच्छ दिसू दे.”

बावीस ठिकाणी एकाच जागी, एकाच आकाराचा पडतो तो डाग नसतो. हे चौथीतल्या मुलालाही सांगावं लागलं नसतं. वर्षानुवर्षं पोरांना ज्याचं नाव त्याला द्यायला शिकवणाऱ्या बाईने एका माणसाची सही, बावीस वेळा, एका शब्दात पुसायला लावली होती.

त्या तिथेच स्टुलावर बसल्या आणि प्रबंध वाचू लागल्या. आभाराच्या पानावर मार्गदर्शक होते, पत्नी होती, टंकलेखक होता. शेवटी ‘खाडीकाठचे असंख्य कोळी बांधव’ होते. आणि पान एकशे त्रेचाळीसवर ते वाक्य होतं.

‘सर्वच जाळ्यांच्या उजव्या खालच्या टोकाशी दोन तिरक्या दोऱ्या व त्यांच्यामध्ये एक गाठ आढळते. तिचे प्रयोजन स्पष्ट नाही.’

त्यांना आधी हसू आलं. मग येईनासं झालं.

*

दातारसर डोंबिवलीत राहत. वयाची बहात्तर वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, पण इस्त्रीचा सदरा घालूनच ते दार उघडत. बारा वर्षांपूर्वी ग्रंथालय समितीत हेच एकटे भांडले होते. “कायदा वाचून कळणारी आपल्याकडे एकच बाई आहे, तिला टेबल द्या,” असं म्हणाले होते. ते टेबल, ती पाटी, सगळं त्यांच्या शब्दावर मिळालेलं. जिना चढताना शुभदाबाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

“आणलंस पत्र?” सरांनी विचारलं. “बस. चहा टाकतो. साखर कमी ना तुझी?”

“पत्र नाही आणलं, सर. प्रबंध आणलाय.”

“कशाला? पाठ आहे मला.”

“दामाजी आठवतात?”

गॅसवर पाणी ठेवून येणारे सर स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. “चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी? आहे अजून?”

“बुधवारी आले होते. चित्रं त्यांनी काढलीत म्हणतात.”

“कच्ची,” सर पटकन म्हणाले. “तपकिरी कागदावर, पेन्सिलीने. पक्की मी केली. ट्रेसिंग पेपर लावून, शाईने. तीन महिने पाठ मोडली माझी, शुभदा. त्याला कंपास तरी धरता येत होता का?”

“नसेल. पण सर, गिरवलेलं अक्षर आपण गिरवणाऱ्याचं म्हणतो, की ज्याने आधी काढून दिलं त्याचं?”

“मला बालवाडीत बसवू नकोस,” सर खुर्चीत बसत म्हणाले.

पान एकशे त्रेचाळीस उघडून शुभदाबाईंनी प्रबंध सरांच्या मांडीवर ठेवला आणि त्या ओळीखाली बोट धरलं. सरांनी चष्मा लावला.

“बरं? आहे गाठ. सगळ्या चित्रांत होती, म्हणून मी नोंदवली. तेव्हा इतकं बारीक कोणी नोंदवत नव्हतं.”

“ती गाठ नाही, सर. त्यांच्या बोयावर कोरतात ती घरची खूण आहे. त्यांनी प्रत्येक चित्रावर सही केली होती.”

सरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. आत भांड्यात पाणी उकळून खळखळत होतं; उठावं असं दोघांनाही वाटलं नाही.

“म्हणजे मी त्याची सही गिरवली,” ते म्हणाले. “शाईने. आणि खाली लिहिलं, संशोधक.”

“आणि मी ती स्कॅनमधून पुसायला लावली. डाग समजून.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावतील असं शुभदाबाईंना वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उत्तर चुकलेल्या हुशार मुलासारखा दिसत होता.

“चार महिने रोज त्याच्या ओट्यावर बसत होतो. एकेका दोराचं नाव विचारलं. बावीस चित्रं, आणि हे काय आहे, एवढं एकदा विचारलं नाही.” ते पुन्हा त्या ओळीकडे वळले. “प्रयोजन स्पष्ट नाही. काय पण वाक्य. परीक्षकांनी कौतुक केलं होतं याचं.”

“मला दाखला देता येणार नाही, सर.”

“ते कळलं मला. पुस्तकाचं काय होईल?”

“दामाजीबाबा हो म्हणाले तर होईल. चित्रं त्यांची, शाईचं काम आणि लिखाण तुमचं. दोन्ही नावं.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर नाही.”

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ‘प्रयोजन’वर काट मारायला हात नेला. शुभदाबाईंनी झटकन प्रबंध ओढून घेतला.

“सर, ग्रंथालयाची प्रत आहे.”

“अगं, माझाच प्रबंध आहे.”

“असू दे. पुस्तकात लिहायचं नाही.” त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून पुढे केला. “यावर लिहा.”

सर पहिल्यांदा हसले. मग लिहायला बसले. चार ओळींना त्यांना अर्धा तास लागला, आणि चहा झालाच नाही.

*

दुरुस्तीची नोंद मात्र शुभदाबाईंना स्वतः करायची होती. रात्री ठाकुर्लीच्या घरी त्यांनी आधी लिहिलं, ‘तांत्रिक कारणाने चित्रकाराची खूण पुसली गेली होती.’ वाचून पाहिलं. असल्या वाक्यात कोणीच काही केलेलं नसतं. त्यांनी ते खोडलं. ‘स्कॅन करताना चित्रकाराची खूण माझ्या सांगण्यावरून पुसली गेली. शुभदा नेने, ग्रंथपाल.’ एकतीस वर्षांत कितीतरी प्रबंधांच्या आभारात त्या ‘ग्रंथालयातल्या शुभदा मॅडम’ म्हणून आल्या होत्या. पूर्ण नावाने हेच पहिलं.

शुक्रवारी दामाजी धुतलेलं धोतर नेसून आले. दक्षताने त्यांना परवानगीचा अर्ज वाचून दाखवला. प्रत्येक ओळीला ते मान हलवत होते.

“साहेबाची चिठी हाय ना?” त्यांनी विचारलं. शुभदाबाईंनी सरांचा कागद वाचला. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘विचारायला हवं होतं, विचारलं नाही.’

“मंग छापा,” दामाजी म्हणाले. “साहेबाचा हात बरा व्हता. रेघ सरल मारायचा. त्याचं पन नाव ऱ्हाऊं द्या.”

शुभदाबाईंनी सहीचा चौकोन दाखवला. दक्षता मोबाइल सरसावून म्हणाली, “आजोबा, इथे खूण काढा ना. मी व्हिडिओ घेते. मस्त दिसेल.”

दामाजींनी नातीकडे पाहिलं. “खून जाल्याला,” ते म्हणाले. “कागदाला सई.”

मग त्यांनी पेन मुठीत नीट धरलं आणि जिभेचं टोक दातात ठेवून, एकेक काना जागच्या जागी देत, पूर्ण नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्याला वेळ लागला. मागे रांगेत दोन विद्यार्थी उभे होते. शुभदाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

दामाजी गेल्यावर त्यांनी हितेशला बाजूला व्हायला सांगितलं आणि आकृती एक स्वतः स्कॅनरवर ठेवली. प्रकाशाची पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकली. पडद्यावर डोल उमटली, दोरासकट, आणि कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा. नेहमीप्रमाणे यंत्राने खाली विचारलं, डाग काढायचे का.

शुभदाबाईंनी ‘नाही’ दाबलं. अजून एकवीस वेळा दाबायचं होतं.