खांद्यावरचा हात

फोटोवाल्यानं माउस फिरवला आणि भोपळ्याच्या खांद्यावरचा हात नाहीसा झाला.

"बघा आजी, कसा स्वच्छ निघाला," तो म्हणाला.

शिवणवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवला. पडद्यावर त्यांचा मुलगा एकटाच उभा होता. मूळ फोटोत दोन पोरं होती, लढाईवर जाण्याआधीची, छावणीतली, नवेकोरे गणवेश घातलेली. स्मारकाच्या दालनात लावताना समितीनं दुसऱ्याला कापलं, पण त्याचा हात काही कापता आला नाही. इतकी वर्षं तो हात तसाच भोपळ्याच्या खांद्यावर होता. आता सगळ्यांचे फोटो नव्यानं, एकसारखे व्हायचे होते.

भोपळ्या हे घरचं नाव. दालनातल्या पाटीवर तो 'वीर' होता, आणि दरवर्षी कुणी ना कुणी त्याच्या निधड्या छातीवर भाषण ठोकायचं. अहो, पाल दिसली की पलंगावर चढून बसणारा पोरगा तो! बाई पहिल्या रांगेत बसून ऐकून घ्यायच्या. आधी रडू यायचं, मग राग यायला लागला. आता नुसता कंटाळा यायचा, आणि आईला असा कंटाळा यावा याची त्यांना लाज वाटायची. मग त्या फोटोतल्या हाताकडे बघत बसायच्या. त्या सगळ्या थाटामाटात तेवढीच एक गोष्ट त्यांना खरी वाटायची.

"हात परत आण," त्या म्हणाल्या.

"आजी, समितीनंच सांगितलंय. दालनात फक्त तिकडे राहिलेल्यांचे फोटो. परत आलेल्यांचं काही दिसायला नको."

"दिसलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"मला बोलणी बसतील हो. उद्या छपाईला द्यायचंय."

बाईंचे गुडघे ठणकत होते. वाद घालायचं त्राण राहिलं नव्हतं. बरं बाबा, कर तुझ्या मनासारखं, असं म्हणून घरी जाऊन पडावं, असं त्यांच्या अगदी मनात आलं. टेबलाला धरून त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. मग पुन्हा बसल्या आणि त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली.

"लंब्या, आत ये."

बाहेर पायरीवर बसलेला माणूस उठला. भोपळ्याचा दोस्त. बाईंना कुठंही जायचं असलं की हाच सोबत यायचा. फक्त स्मारकाच्या कार्यक्रमाला कधी यायचा नाही. 'मी कुठल्या तोंडानं येऊ, काकू?' म्हणायचा.

"झालं का? रिक्षा बघू?" त्यानं दारातूनच विचारलं.

"आत ये म्हणते ना."

तो आत आला. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराच्या वरच संपत होती आणि तिथं नीट शिवून बंद केलेली होती. शिवण बाईंचीच. तो परत आल्यापासून त्याचे सगळे शर्ट त्याच शिवत, आणि माप घ्यायची त्यांना गरज पडत नसे.

फोटोवाल्यानं बाहीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा बाहीकडे.

"हात याचाच," बाई म्हणाल्या. "तुमच्या समितीचा नियम मला मान्य आहे. तिकडे राहिलेल्यांनाच लावा. मग हा हात कुठं राहिलाय, ते विचार याला."

लंब्यानं मान खाली घातली. "जाऊ दे ना, काकू. त्याचा एकट्याचाच बरा दिसतो फोटो."

"तू गप बस. एकटा कधी होता तो?" पदरानं बाईंनी तोंड पुसलं.

फोटोवाला पडद्याकडे वळला. त्यानं दोन बटणं दाबली आणि हात पुन्हा खांद्यावर आला. लांबसडक बोटं, ऐसपैस पसरलेली.

लंब्या दालनात कधी गेलाच नव्हता, त्यामुळे हा फोटो त्यानं तेव्हापासून पाहिला नव्हता. तो पडद्याजवळ गेला. वाकून, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला.

"नखं बघा, काकू," तो हळूच म्हणाला. "केवढी वाढलीयत. सगळी माती."

"तेव्हाही सांगून सांगून थकले होते मी तुला."

फोटोवाल्यानं घसा खाकरला. "नखं तेवढी साफ करून देऊ का?"

"नको," दोघं एकदमच म्हणाले.