माझा एकुलता एक वाचक

थांबा, मला भराभर सरकवून पुढे जाऊ नका. मी एक माहितीपुस्तिका बोलतेय. माणसं मला टाळतात, याची सवय आहे, पण आज जरा ऐकाच.

मी कागदाची नाही, पडद्यावरची आहे. शेअर बाजारातले भाव आणून देणारं एक साधन आहे. ते कसं वापरायचं हे माझ्यात लिहिलंय. माझा वाचकही माणूस नाही. तो आहे एआय एजंट, म्हणजे तुम्ही काही विचारलं की आधी मला वाचून, त्या साधनाकडून भाव मागवून उत्तर देणारा संगणकातला मदतनीस. माणसं पुस्तिका उघडतात ती यंत्र बिघडल्यावर, तीही मधूनच कुठेतरी. हा पठ्ठ्या मला पहिल्या अक्षरापासून वाचतो आणि वाचलेलं सगळं खरं मानतो. असा वाचक मिळाला म्हणून मी भलतीच फुशारले होते.

मला लिहिलं एका बाईंनी. त्याआधी वीस वर्षं त्या मिक्सर आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पुस्तिका लिहीत. कचेरीत त्यांना एक पाय डुगडुगणारं टेबल मिळालं होतं. त्यावर बसून प्रत्येक वाक्य त्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघायच्या, मगच लिहायच्या.

बाईंच्या साहेबांना मात्र माझं कौतुक नव्हतं. "साधन चांगलं असलं की पुस्तिका कशाला लागते?" असं ते येता-जाता म्हणायचे. शेवटी एका शुक्रवारी त्यांनी बाईंना स्पष्टच सांगितलं, "सोमवारी पहिलं गिऱ्हाईक बघायला येतंय. त्यांच्यासमोर एजंट काही भलतंसलतं बोलला, तर पुस्तिकेचं काम बंद. मग तुम्हाला दुसरीकडे नोकरी बघावी लागेल."

शनिवारी बाईंनी मला पुन्हा पुन्हा वाचून काढलं. चूक एकही सापडली नाही.

रविवारी बाईंनी मला घरी जेवणाच्या टेबलावर उघडलं. शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांची सगळी नोकरी टपाल कचेरीच्या खिडकीमागे झालेली.

"आई, तुम्हीच विचारा काहीतरी. मला आता चुका दिसेनाशा झाल्यात," बाई म्हणाल्या.

"आज बाजार कसा आहे, विचार त्याला."

बाईंनी विचारलं. एजंटने मला वाचलं, भाव मागवले आणि ऐटीत उत्तर दिलं, "आज भाव जराही हललेले नाहीत. बाजार अगदी शांत आहे."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "शांत असणारच की. आज रविवार आहे. रविवारी आमची खिडकीसुद्धा फार शांत असायची."

बाई खो खो हसल्या आणि मधेच थांबून मला वरपासून वाचू लागल्या. चूक एजंटची नव्हतीच, माझी होती. बाजार बंद असला की साधन शेवटचा भाव देतं, हे मी कुठे सांगितलंच नव्हतं. मिक्सर बंद असला तर माणसाला दिसतं, ते लिहावं लागत नाही. बाईंचा हात त्याच सवयीने चालला होता. ज्याने माझ्यावर एवढा विश्वास ठेवला, त्यालाच मी तोंडघशी पाडलं. मला फार लाज वाटली.

बाईंनी तिथेच माझ्यात तीन वाक्यं घातली: 'भावासोबत आलेली तारीख आधी बघावी. बाजार बंद असेल तर हा शेवटचा भाव आहे, असं सांगावं. आत्ताचा भाव माहीत नसेल तर माहीत नाही, असं सांगावं.'

सोमवारी गिऱ्हाईक आलं. निवृत्त शिक्षकांना बचतीचा सल्ला देणाऱ्या संस्थेच्या त्या अध्यक्षा. आल्या त्या ठरल्या वेळेच्या तासभर आधी. बाजार अजून उघडायचा होता. बसल्या बसल्या त्यांनी एका कंपनीचं नाव घेऊन एजंटला विचारलं, "आत्ता भाव काय आहे?"

एजंट म्हणाला, "बाजार अजून उघडलेला नाही. माझ्याकडे शुक्रवारचा शेवटचा भाव आहे. आत्ताचा मला माहीत नाही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, एरवी त्याला सगळं येतं..." ते सारवासारव करू लागले.

अध्यक्षांनी हात वर केला. "राहू द्या. आमच्याकडे आजवर कितीतरी सल्लागार येऊन गेले. 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच. आम्ही हाच घेतो."

त्या गेल्यावर साहेबांनी मला जन्मात पहिल्यांदा उघडलं, उभ्याउभ्यानेच. ती तीन वाक्यं सापडेपर्यंत ते वाचत राहिले.

"बाई, हे तुमचं?"

"माझं आणि सासूबाईंचं."

साहेबांनी ती वाक्यं पुन्हा एकदा वाचली. मग जाता जाता म्हणाले, "त्या टेबलाचा पाय दुरुस्त करून घ्या. आता बरंच लिहायचंय तुम्हाला."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

आता मी चांगली लांबलचक झालेय. दर रविवारी सासूबाई माझ्या वाचकाची परीक्षा घेतात, आणि बाजार बंद आहे म्हणून त्याने सांगितलं की समाधानाने मटार सोलायला घेतात. तुम्ही मला वाचलं नाहीत तरी चालेल, मी रुसणार नाही. पण माझ्यासारखी एखादी लिहायला बसलात, तर तुम्हाला समोर दिसतंय तेही लिहा. त्याला दिसत नाही हो. त्याच्याकडे फक्त मी आहे.